मक्षिकास्थाने

जावयाने बहिणीला पाठवलेला मेसेज
दस्तूर वकिलांनी मोठ्याने वाचला, इंग्रजीत,
आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
म्हणजे माझ्या दिशेने.
माझ्याकडे असं कोणी पाहत नाही.

"त्या दुपारी मायलेकी काय बोलल्या देव जाणे,
मी फ्लाय ऑन द वॉल असायला हवं होतं."

एकोणीस वर्षं मी वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात दुभाषी आहे.
पोटगी, ताबा, क्रूरता,
झोपेतून उठवून विचारा, दोन्हीकडून सांगेन.
पण ही माशी आली आणि जीभ अडली.

मराठीत माशी भिंतीवर नुसती बसून राहत नाही.
ती ऐन वेळी शिंकते आणि ठरलेलं लग्न मोडतं.
कुणी तिला नाकावर बसू देत नाही,
कुणी गिऱ्हाईक नाही म्हणून दिवसभर तिलाच मारतो.
चोरून ऐकायचं काम आम्ही थेट भिंतीला दिलंय.
तिला कान दिले,
डोळे द्यायचे राहून गेले.

रुजू झाले तेव्हा नक्कल विभागातल्या पाध्यांनी बजावलं होतं,
मूळ कागदावर माशी चिरडलेली दिसली
तर नकलेवरही, त्याच ओळीत,
एक माशी मारून चिकटवायची.
अक्कल चालवायची नाही, बाई.

तर मी चिकटवली:
"मी भिंतीवरची माशी असतो तर बरं झालं असतं."

पिंजऱ्यात कुमुदिनी टिपणीस,
वय एकाहत्तर, राहणार फणसवाडी,
पर्समध्ये रुमाल शोधत होत्या. थांबल्या.

"कुठल्या भिंतीवर?

एकीला गोदरेजचं कपाट. एकीला मोरी.
तिसरीवर देव, घड्याळ आणि आमचे हे.
चौथी भिंत नाहीच, पार्टिशन आहे,
पलीकडे नाबर राहतात.
माशी बसणार कुठं?"

मागच्या बाकावर कुणी हसलं.
न्यायाधीशबाईंनी पेन आपटलं.

"आणि तो होता की तिथंच, पोटमाळ्यावर.
डोकं दुखतंय, पडतो, म्हणून शिडी चढला होता.
खालून मला त्याच्या पायांची बोटं दिसत होती.
झोपलेल्या माणसाची बोटं
अशी आवळलेली नसतात."

दस्तुरांनी विचारलं, म्हणजे मी विचारलं:
ठाऊक होतं तर बोललात कशाला?

"त्याला ऐकू जावं म्हणून!
समोर बसवून सांगितलं असतं तर ऐकलं असतं का त्यानं?
लेकीला म्हटलं, ये निघून.
माझी खाट आहे, दोघींना पुरेल.
कपबशा विसळत म्हटलं,
नळ बंद करून."

नळ बंद करून, हे मी दोनदा सांगितलं इंग्रजीत.
एकदा पुरेसं वाटलं नाही.
खाटेला बेड म्हणाले,
तिची करकर मराठीतच राहिली.

जावई खाली बघत होता.
बुटांच्या आत त्याची बोटं
आता कशी असतील, हे मी पाहू लागले,
जे माझं काम नाही.

मग कुमुदिनीबाई वळल्या. माझ्याकडे.
दिशेने नव्हे.

"आणि या बाई मघापासून डोळे पुसतायत.
कुणाचं लक्ष आहे का?
लिहून घ्या तेपण."

कीबोर्ड थांबला.
एसीतून थेंब पडत होते, खाली लाल बादली.
सगळे वाट पाहू लागले, इंग्रजीची.

साक्षीतला एकही शब्द गाळणार नाही
अशी माझी शपथ आहे.
मी घसा साफ केला,
तृतीय पुरुषात उभी राहिले,
"धिस लेडी," म्हणाले,
आणि